काळी की तांबडी

आमच्या डॉक्टरबाई हॉर्न वाजवत नसत. मोटारीला हॉर्न होता, रबरी भोपूचा, चांगला मोठा. पण तो दाबणं त्यांना असभ्यपणाचं वाटे. "ओळख ना पाळख, आणि माणसाच्या कानाशी जाऊन बोंब मारायची?" असं म्हणत. त्याऐवजी त्या मान बाहेर काढून बोलत. "बाबा, बाजूला हो. घाई मला आहे, तुला नाही." हे वाक्य सोलापुरात इतकं माहीत झालं होतं, की सात रस्त्याच्या चौकात टांगेवालेही गंमत म्हणून एकमेकांना तेच ऐकवायचे.

मी त्यांच्या प्रसूतिगृहात नर्स होते. आम्ही साखर पेठेतले, तेलुगू बोलणारे, घरात दोन हातमाग. वडील गेल्यावर माग चालवायला भाऊ होते आणि मी शाळेत चार बुकं शिकलेली होते, म्हणून आईनं मला बाईंकडे नेऊन सोडलं. बाईंनी माझं शिक्षण विचारलं नाही. माझे हात हातात घेऊन बोटं उलटसुलट पाहिली, "सूत भरलंयस ना? मग शिकशील," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. मी नोकरीला लागले हे मला दुसऱ्या दिवशी आयानं सांगितलं.

बाई तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. मूळच्या पुण्याकडच्या. लग्न झालेलं होतं की नाही, नवरा होता की वारला, याबद्दल गावात पुष्कळ बोललं जाई. बाई त्यावर काहीच बोलत नसत. नऊवारी नेसत आणि पायांत पुरुषी कॅनव्हासचे बूट घालत. जेवायला म्हणून कधी बसत नसत. कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगदाण्याची चटणी कागदात बांधून मोटारीत ठेवलेली असे आणि एका हातानं चाक धरून त्या दुसऱ्या हातानं खात. बाळंतिणीच्या नवऱ्याला मूल पहिल्यांदा बघायला मिळे ते सगळे कपडे धुऊन वाळत घातल्यावरच. मिलमधले जॉबर, म्हणजे मुकादम, असोत नाहीतर वकील, मागच्या विहिरीवर रक्ताची लुगडी आपटताना मी त्यांना पाहिलं आहे.

पण गावाला खरा धक्का बसला तो बाईंनी आम्हाला मोटार चालवायला शिकवली तेव्हा. मला शिकवली, आयाला शिकवली, स्वयंपाकीणबाईंना शिकवायला निघाल्या होत्या, त्या दोन दिवस घरी पळून गेल्या. किल्ल्याजवळच्या मैदानात संध्याकाळी आमच्या जुन्या खटाऱ्याचं चाक धरून मी बसायची आणि कडेला बघे जमायचे. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. शेवटी एक वयस्कर वकीलसाहेब बाईंना समजवायला आले. बायकांनी मोटार चालवणं कसं शोभत नाही, हे ते बराच वेळ सांगत होते. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या सूनबाईंना कितवा महिना?"

"सातवा," वकीलसाहेब म्हणाले.

"मग तिला कळा लागल्या की या. तेव्हा बोलू."

मोटारीत बाईंच्या शेजारी मी बसले की मी सारखं बोलत राहायचं, हा त्यांचा आणखी एक नियम. गप्पा नाहीत. रस्त्यावर जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. "समोरून बैलगाडी. डावीकडं शेळ्या. म्हातारा रस्ता ओलांडतोय." गप्प झाले की बाई म्हणत, "बोल." मी एकदा विचारलं की हे कशासाठी? त्या म्हणाल्या, नर्सचं लक्ष चहूकडे असायला हवं. मला ते पटलं. बाईंच्या पुष्कळ नियमांचा अर्थ आम्हाला उशिरा कळायचा, म्हणून आम्ही विचारायचं सोडलं होतं.

एकदा मंगळवारच्या बाजारात माझ्या डोळ्यात धूळ गेली आणि मी पदरानं डोळा पुसत होते. तेवढ्यात खळ्ळकन आवाज झाला. बाईंनी मोटार एका कुंभाराच्या मडक्यांवर घातली होती. सरळ रस्ता, लख्ख ऊन, आणि मडक्यांची रास कंबरेएवढी. कुंभार हातभर अंतरावर बसला होता, तो तसाच आ वासून बसून राहिला. बाई उतरल्या, त्याच्याजवळ उकिडव्या बसल्या, त्याला लागलं नाही ना हे त्याच्या अंगावरून हात फिरवून पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू काय करत होतीस?"

मला काही समजेना. मोटार त्या चालवत होत्या.

त्या हिवाळ्यात जुन्या मोटारीचा कणा मोडला. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा नुकतीच संपली होती. कुंभारी गावाच्या वाटेवर खटारा जो बसला तो बैल लावूनच परत आणावा लागला. नवी मोटार घ्यायची ठरली. गावातले डॉक्टर तेव्हा बंद, पडदे लावलेल्या, उंच मोटारी घेत. बाईंनी पुण्याच्या एजंटाला कळवलं की मला सगळ्यात पळणारी दाखवा.

एजंट दोन मोटारी घेऊन आला. हा नेकटाय लावणारा, अतिशय सभ्य माणूस होता आणि पुढच्या काही दिवसांत त्याचा चेहरा उतरत गेला ते मी रोज पाहत होते. एक मोटार विलायती, तांबडी, दोनच माणसांची. इतकी बुटकी की बसल्यावर हात खाली सोडला तर जमिनीला लागेल. बॉनेटला कातड्याचा पट्टा आवळलेला. दुसरी अमेरिकन, काळी, लांबच लांब, टप खाली टाकलेली, पुढं दोघं आणि मागं ऐसपैस बाक. तिच्या इंजिनात आठ नळकांडी होती असं एजंट म्हणाला. दोन्ही गाड्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मिल सुटल्याचा भोंगा झाला आणि घरी निघालेली सगळी पाळी आमच्या फाटकापाशी थांबली.

"डॉक्टरबाई, मला एक सांगितलंच पाहिजे," एजंट म्हणाला. "या दोन्ही गाड्या हौशी लोकांच्या. राजेरजवाडे घेतात, मोकळ्या माळावर पळवतात. रोजच्या वापराच्या नाहीत या. भाजी आणायला, पेशंट बघायला तुम्हाला साधी मोटार बरी."

"रोजच्या वापरात काय होतं बिघडून?"

"तांबडीचे स्प्रिंग कडक आहेत. खड्ड्यात कंबर जाईल. काळी जड आहे, वळता वळत नाही, आणि पेट्रोल पाण्यासारखं पिते. ब्रेक दोन्हींचे चांगले, पण वेग असा आहे की ब्रेक आठवेपर्यंत उशीर होतो."

"दोन्ही ठेवून जा," बाई म्हणाल्या. "वापरून सांगते."

एजंट स्टेशनजवळच्या लॉजवर राहिला. दिवसा तो आमच्या ओसरीवर येऊन बसे आणि गाड्या परत येण्याची वाट पाही.

बाईंची परीक्षा घेण्याची पद्धत त्याच्या स्वप्नातही आली नसेल. पहिल्या दिवशी सकाळीच त्यांनी माझ्या पोटाला उशी बांधली. वरून लुगडं गुंडाळलं आणि मला काळ्या मोटारीच्या मागच्या बाकावर आडवं केलं. मग होटगीच्या बाजूला, काळ्या रानातल्या गाडीवाटेनं, त्यांनी ती मोटार अशी हाकली की मी दोनदा बाकावरून खाली आले. "कुठं लागलं?" त्या पुढून ओरडून विचारत. "कंबरेत." "आता?" "डोक्याला." परत आल्यावर तोच प्रकार तांबडीत. तिच्यात आडवं होता येत नव्हतं, म्हणून मी उशी धरून पाय दुमडून बसले. गावातल्या निम्म्या बायकांनी मला त्या अवस्थेत पाहिलं. संध्याकाळी आमच्या पेठेत बातमी पोचली की माझे दिवस भरलेत. आई तशीच अनवाणी धावत प्रसूतिगृहात आली. मी तिला उशी दाखवली. ती उशी हातात घेऊन ती खुर्चीवर बसली आणि खूप वेळ उठली नाही.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी आमच्याच पेठेतून बोलावणं आलं. विणकराची बायको, कळा थांबल्या होत्या. बाईंनी काळी मोटार काढली. मी सांगत होते की ती गल्ली अरुंद आहे, पण त्या म्हणाल्या, बघू तर खरं. दोन ओट्यांच्या मध्ये मोटार अशी रुतली की डावं दार उघडेना की उजवं. मागं जाता येईना. दोन्ही बाजूंच्या घरांतले मागांचे खटके एकेक करून थांबले आणि माणसं दारात आली. बाईंनी बॅग माझ्याकडे दिली, कासोटा घट्ट केला, समोरची काच पुढं पाडली आणि बॉनेटवरून चालत जाऊन पलीकडे उडी मारली. माझ्या मामाच्या, चुलत्याच्या, सगळ्यांच्या देखत. मला मागून जावंच लागलं. तापलेल्या पत्र्यावर माझे पाय भाजत होते आणि समोरच्या ओट्यावर आई उभी होती.

मूल सुखरूप झालं. आम्ही बाहेर आलो तोवर पेठेतल्या माणसांनी मोटार उचलून गल्लीच्या तोंडाशी नेऊन ठेवली होती. बाई म्हणाल्या, "तांबडीच घ्यावी. गल्लीतून जाईल." एजंटाला तसं सांगायचंही ठरलं. त्या रात्री मला बरं वाटलं, कारण तांबडीत मला पुन्हा झोपवून परीक्षा घ्यायला जागाच नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला मंगळवेढ्याच्या वाटेवरच्या एका गावाहून एक म्हातारा आला. डोक्याला तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडं. कुणाच्या तरी मालाच्या लॉरीवर बसून आला होता.

"बाई, सून हाय माजी," तो म्हणाला. "पाणमोट फुटलीय आनि काय तरी भायेर आलंया. सुईन म्हनती, मला न्हाय कळत. तुमी चला की."

"काय बाहेर आलंय? हात, पाय?"

"दोरीगत हाय."

बाई लगेच उठल्या. तांबडीच्या चाकात हवा कमी होती, म्हणून काळी काढली. म्हातारा मागं बसला, मी पुढं. सूर्य आमच्या पाठीमागं उगवत होता. दोन्ही बाजूंना हुरड्याला आलेली ज्वारी, मोकळा रस्ता. काळी मोटार काय चीज आहे ते मला त्या दिवशी कळलं. वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हातारा मागं घोंगड्यात तोंड खुपसून बसला होता. मी बोलत होते, बाई चालवत होत्या.

गावाबाहेर मेंढ्यांच्या वाड्याशेजारी एक खोपट होतं. बाई आत गेल्या. हात धुतले, तपासलं. मी त्यांचा चेहरा पाहत होते. तो बदलला नाही. फक्त त्यांनी हात बाहेर काढला नाही.

"नाळ पुढं आलीय," त्या हळू आवाजात मला म्हणाल्या. "बाळाचं डोकं तिच्यावर दाबतंय. डोकं मी वर ढकलून धरलंय. नाळ उडतेय, नाडीसारखी, म्हणजे बाळ जिवंत आहे. मी हात काढला की ते गेलं. हिच्या पिशवीचं तोंड अजून उघडलेलं नाही. मोठ्या दवाखान्यात पोट उघडावं लागेल."

सून विशीचीही नसेल. तिला गुडघे टेकवून, डोकं खाली करून, तशीच उचलून मोटारीच्या मागच्या बाकावर नेलं. बाई तिच्यामागं गुडघ्यांवर बसल्या, हात तसाच. मी हात धुऊन तयार होते. पुढं काय करायचं ते मला उघड दिसत होतं.

"बाई, मी हात घालते," मी म्हणाले. "तुम्ही चालवा."

"तू चालव."

"ही मोटार मी कधी हातात घेतलेली नाही. मी जुनी चालवलीय, तीही मैदानात. मी हात काढणार नाही, मेले तरी. तुम्ही चालवा."

"आता पूर्वेला तोंड करायचं," बाई म्हणाल्या. "ऊन समोरून येईल. उन्हात मला दिसत नाही."

मी ऐकलं, पण मला अर्थ लागला नाही. "म्हणजे?"

"म्हणजे पांढरं दिसतं. नुसतं पांढरं. समोर माणूस उभा असला तरी कळत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. पावसाळ्यापासून वाढलेत. चल, बस."

म्हातारा एकदा माझ्याकडे, एकदा बाईंकडे बघत होता. "बाई काय म्हनत्यात?" त्यानं विचारलं. पावसाळ्यापासून मी रोज त्यांच्या शेजारी बसत होते. बाजारातून, मिलच्या फाटकासमोरून, शाळा सुटताना. मडकी डोळ्यांपुढं आली, आणि मडक्यांपासून हातभर अंतरावर बसलेला तो माणूस.

"अगं बस," बाई म्हणाल्या.

मी बसले. क्लचपर्यंत पाय पोचेना, म्हणून पाठीमागं घोंगडं घातलं. मोटार सुरू केली तेव्हा ती अशी उसळली की म्हातारा, जो फूटबोर्डावर उभा होता, दाराला लोंबकळला. मागून बाई म्हणाल्या, "उडतेय. जा."

त्या रस्त्याचं मला आज तुकड्यातुकड्यानं आठवतं. ऊन खरोखरच समोरून येत होतं. काचेवर धूळ, धुळीवर ऊन, आणि मलाच काही दिसेना. मी काच पाडली. मग वारा. मी किती वेगानं जात होते मला माहीत नाही. वेगाच्या काट्याकडे बघायचं धाडस झालं नाही. पायाखाली दाबलं की ती मोटार आणखी पळायची, तिला कुठं अंतच नव्हता, आणि मला त्याचीच सगळ्यात भीती वाटत होती. मधूनमधून मागून एकच शब्द येई. "उडतेय." ती पोर विव्हळत होती, बाई तिला काही बोलत नव्हत्या, फक्त मला सांगत होत्या. "उडतेय."

एका ओढ्यापाशी उतार होता. मी ब्रेक लावला तो उशिरा लागला, मोटार तिरकी होऊन पाण्यात शिरली आणि पलीकडच्या चढावर थांबली. इंजिन बंद. माझे हात चाकावरून सुटेनात.

"बाई, मला नाही जमायचं."

"उडतेय अजून," बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं खाली उतरून इंजिन सुरू करायचा पुढचा दांडा फिरवला. कसा फिरवायचा ते मी ओरडून सांगितलं. तिसऱ्या की चौथ्या खेपेला इंजिन लागलं.

पुढं एका वळणावर सगळा रस्ता मेंढरांनी भरलेला. शेकडो मेंढरं, आणि मेंढका पार पलीकडच्या टोकाला. मी मोटार थांबवली. बाजूला ज्वारीचं उभं रान आणि मध्ये खोल चर. तेव्हा फूटबोर्डावरच्या म्हाताऱ्यानं तोंडात दोन बोटं घातली आणि अशी शीळ घातली की माझ्या अंगावर काटा आला. मग घशातून काही आवाज काढले, खालचे, लांबवलेले. मेंढरं थबकली, मधून फाटली, दोन्ही कडांना चिकटून उभी राहिली. त्या फटीतून मी मोटार काढली. दोन्ही बाजूंनी लोकर दारांना घासत होती.

सोलापूरच्या जवळ आल्यावर मागून शब्द येईनासा झाला. मी वाट पाहिली. मिलच्या चिमण्या दिसायला लागल्या.

"बाई?"

"चालव."

"उडतेय का?"

मग म्हणाल्या, "मला आता बोटांनी काही कळत नाही. बोटं मेलीत. तू चालव."

मोठ्या दवाखान्याच्या पायऱ्यांशी मोटार थांबली तेव्हा तिचं पुढचं चाक पहिल्या पायरीवर चढलं होतं. बाईंना आणि त्या पोरीला तसंच एकत्र उचलून आत नेलं. सर्जनसाहेबांनी ऑपरेशन केलं. मुलगी झाली. निळी पडलेली होती, रडायला वेळ लागला, पण रडली. आईही वाचली. म्हातारा हे ऐकून भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

बाई बाहेर व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या. त्यांची उजव्या हाताची बोटं वाकडी झाली होती, उघडत नव्हती. मी शेजारी बसून ती चोळत होते. मग माझ्याच्यानं राहवेना.

"मी रोज तुमच्याशेजारी बसत होते," मी म्हणाले.

"हो."

"तुम्हाला दिसत नव्हतं, आणि तुम्ही मिल सुटताना त्या गर्दीतून..."

"सकाळ-संध्याकाळ दिसतं बरंचसं. दुपारी नाही. दुपारी तू सांगायचीस."

"कुणी मेलं असतं."

"हो," बाई म्हणाल्या.

त्यांनी बचाव केला असता तर मला भांडता आलं असतं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील की बायका अडल्या होत्या, दुसरी डॉक्टर गावात नव्हती, डोळ्यांचं कळलं असतं तर लोकांनी बोलावणं बंद केलं असतं. हे सगळं खरंच होतं. मी त्यांची बोटं सोडली आणि उठून उभी राहिले.

"मी हे लोकांना सांगणार आहे."

"सांग. सांगायलाच हवं." त्यांनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक सरळ करायला सुरुवात केली. "पण आधी मोटार ठरवू. तो बिचारा ओसरीवर बसला असेल."

एजंट खरंच ओसरीवर बसला होता. काळ्या मोटारीला चिखल, एका बाजूला लोकर चिकटलेली, मागच्या बाकावर रक्त. तो उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. बाईंनी त्याला सांगितलं की गाडी ही चालवणार आहे, मी नाही, म्हणून निवडही हिच्यावरून व्हायची. मग तांबडीत हवा भरून मला तिच्यात बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. मी तलावाला वळसा घालून आले. तांबडी हलकी होती, बोटानं वळायची, पाय सहज पोचायचे. इतक्या भयंकर सकाळनंतरही मला ती चालवताना बरं वाटलं, एका वळणावर तर मी आपणहून वेग वाढवला. नंतर काळी. काळीच्या चाकाला हात लावला आणि माझे तळवे घामेजले. चढावर मी आधीच गिअर बदलला, लांबवर टांगा दिसला तरी थांबले, पोरं दिसली तर ती रस्ता ओलांडेपर्यंत हललेच नाही.

परत आल्यावर बाई उतरल्या. "काळी," त्या एजंटाला म्हणाल्या.

एजंटाला कळेना. "पण बाई, तांबडी त्या उत्तम चालवतात. काळी चालवताना त्यांना भीती वाटते."

"म्हणूनच. तांबडीत ही घाबरत नाही. गल्ली आली तर मी चालत जाईन, पाय आहेत मला."

मी लोकांना सांगितलं नाही. बाईंनीच सांगितलं, पहिल्याच रविवारी, आलेल्या सगळ्या बायकांना. काही यायच्या बंद झाल्या. पुष्कळ येतच राहिल्या. बाई बोटांनी तपासायच्या आणि जिथं डोळे लागतील तिथं मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या. मोटार मी चालवायची. पेठेत माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं ते मी इथं लिहीत नाही. आई मात्र एकदा स्वतःहून मागच्या बाकावर येऊन बसली आणि सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत ने म्हणाली.

मोतीबिंदू पिकल्यावर बाईंनी ऑपरेशन करून घेतलं. परगावी गेल्या होत्या, बरेच दिवस तिकडेच राहिल्या. परत आल्या त्या दिवशी मी काळी मोटार घेऊन स्टेशनवर गेले. त्यांच्या डोळ्यांवर भिंगासारखा जाड चष्मा होता आणि त्यामागं डोळे खूप मोठे दिसत होते. प्लॅटफॉर्मवर त्यांनी माझं तोंड जवळून पाहिलं. "तू इतकी लहान आहेस?" म्हणाल्या.

दुपारची वेळ होती. मी सवयीप्रमाणे सावकाश निघाले, टांग्यामागून टांग्याच्या चालीनं. बाजारापाशी आलो तेव्हा बाईंनी दाराची कड धरली. मी पाहिलं तर त्यांच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. मोटारीच्या पुढून, अगदी बॉनेटला पदर लागेल इतक्या जवळून, डोक्यावर घागर घेतलेली एक बाई गेली. तिच्या मागून दोन पोरं. भाजीवाल्यांच्या पाट्या चाकापासून वीतभर अंतरावर. एक म्हातारी रस्त्यातच वाकून सांडलेले दाणे वेचत होती. मी थांबले, ती उठली, मी पुढं घेतली.

"आज बाजार आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही. आज गर्दी कमी आहे."

मिलच्या फाटकापाशी पाळी सुटली होती आणि माणसं दोन्ही बाजूंनी मोटारीला घासून चालली होती. बाईंनी पाय आखडून घेतले.

"मी इथून किती वेगानं जात होते?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. "फार," मी म्हणाले.

प्रसूतिगृहाच्या फाटकात मोटार उभी केली. आया धावत बाहेर आली, हार घेऊन. बाई उतरल्या नाहीत. समोर बघत बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "परत ने. त्याच रस्त्यानं. आणखी हळू."

मी मोटार वळवली. बाई आल्याचं एव्हाना पसरलं होतं. दुकानांतून लोक उभे राहून नमस्कार करत होते, कुणी हाका मारत होते, बायका पोरांना उचलून दाखवत होत्या. बाईंनी एकालाही हात जोडले नाहीत. त्या जाड चष्म्यातून डावीकडे बघत होत्या, मग उजवीकडे, प्रत्येक ओट्यावरच्या प्रत्येक माणसाकडे, रांगणाऱ्या मुलांकडेसुद्धा. कोण कोण शिल्लक आहे ते तपासावं, तसं.